उष्मांक मोजले, तेल कोणतं ते विचारलं नाही

अंगणवाडी सेविकांना पूरक आहाराचे आकडे तोंडपाठ असतात. सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. कुपोषित बालकाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या आकड्यांना कायद्याचं बळ दिलं. त्यात स्निग्ध पदार्थांचा, म्हणजे तेला-तुपाचा उल्लेखच नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये कायद्याची दुसरी अनुसूची सुधारली, तेव्हा कुठे कॅल्शियम, लोह, जस्त यांच्या जोडीला स्निग्ध पदार्थांना जागा मिळाली. पण तेल कोणतं असावं, त्यात काय असावं, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

दुसरीकडे, कुपोषणाच्या बातम्या आल्या की मुलांना ओमेगा-३ चे थेंब किंवा सिरप वाटण्याची सूचना हमखास पुढे येते. शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत ‘बुद्धी वाढवणारं’ म्हणून हे थेंब केव्हाच पोचले आहेत. मग मेळघाटातल्या, मोखाड्यातल्या, धडगावच्या मुलाने काय पाप केलं, असं विचारलं जातं. हे विचारणारे बहुतेक लोक मनापासून विचारतात आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. ओमेगा मेदाम्लं, म्हणजे तेला-तुपाच्या स्निग्धांशातले विशिष्ट घटक, लहान मुलांना लागतात, आणि कुपोषित मुलांना ती फार कमी मिळतात. पण सरसकट बाटल्या वाटणं हे त्याचं उत्तर नव्हे, असं मला वाटतं. मुलाच्या अन्नात शासन जे तेल, जो शेंगदाणा, जी भुकटी घालतं, त्याची निवड मेदाम्लं बघून व्हायला हवी. तीव्र कुपोषित मुलांच्या उपचार-आहारात तर हा बदल आजच करण्याइतका पुरावा आपल्या हाती आहे.

आधी ही मेदाम्लं का लागतात ते पाहू. चरबी म्हणजे फक्त साठवलेली ऊर्जा, अशी समजूत १९२९ पर्यंत होती. त्या वर्षी जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकन दांपत्याने चरबीविरहित आहारावर उंदीर वाढवले. त्यांची वाढ खुंटली, कातडी खपलीसारखी सुटू लागली. काही मेदाम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात, हे त्यातून कळलं. त्यातलं ओमेगा-६ गटातलं लिनोलेइक आम्ल माणसालाही लागतं, हे पुढच्या काही दशकांत सिद्ध झालं. ओमेगा-३ बद्दल मात्र बराच काळ शंका होती. १९८२ साली अमेरिकेतल्या एका सहा वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध झाली. पोटाला बंदुकीची गोळी लागल्याने तिचं बरंचसं आतडं काढावं लागलं होतं आणि तिचं सगळं पोषण शिरेतून चालू होतं. त्यातला स्निग्धांश करडईच्या तेलाचा होता. काही महिन्यांनी तिचे पाय दुखू लागले, अंगाला मुंग्या येऊ लागल्या, चालता येईना, डोळ्यांना अंधुक दिसू लागलं. करडईचं तेल बदलून सोयाबीनचं दिल्यावर या तक्रारी गेल्या.

करडई हे आपलं तेल आहे. सोलापूर, मराठवाड्याकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं गेलेलं, आणि त्यात काही वाईट नाही. पण करडईच्या तेलात ओमेगा-६ भरपूर असतं आणि ओमेगा-३ जवळजवळ नसतं. शेंगदाण्याचं तेल, सूर्यफुलाचं, सरकीचं, पामतेल यांतही ओमेगा-३ जवळजवळ नसतं. मोहाच्या बियांचं तेल आदिवासी भागात वापरतात, त्यातही ओमेगा-३ नाही. नाशिक, जव्हार, इगतपुरीच्या डोंगरउतारावर कारळं किंवा खुरासणी पिकते. तिची काळी चटणी दिसायला जवसाच्या चटणीसारखी असते, पण मेदाम्लांच्या हिशेबात दोन्ही पार वेगळी. खुरासणीच्या तेलातला मोठा वाटा ओमेगा-६ चा, तर जवसाच्या तेलातला निम्म्याहून अधिक ओमेगा-३ चा. रोजच्या तेलांपैकी ओमेगा-३ देणारी म्हणजे मोहरीचं आणि सोयाबीनचं. मोहरीचं आपल्याकडे कमी चालतं. सोयाबीनचं मात्र किराणा दुकानात सर्वत्र मिळतं, आणि देशातल्या मोठ्या सोयाबीन उत्पादक राज्यांत महाराष्ट्र आहे. त्यात साधारण ६ ते ८ टक्के ओमेगा-३ असतं.

वनस्पतींतलं ओमेगा-३ म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. मेंदू आणि डोळ्यांचा पडदा ज्या ओमेगा-३ ने बांधले जातात ते लांब साखळीचं असतं, त्याला डीएचए म्हणतात. ते मासे, अंडी, आईचं दूध यांतून येतं. शरीर अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून डीएचए बनवतं खरं, पण फारच थोडं. शिवाय ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) हे काम होतं, त्याच विकरावर ओमेगा-६ चाही दावा असतो. आहारात ओमेगा-६ खूप झालं की ओमेगा-३ ची वाट अडते. त्या विकराला जस्त लागतं, आणि कुपोषित मुलात जस्त कमी असतं. मुलाला पुरेसे उष्मांक मिळत नसतील तर शरीर मेदाम्लंही इंधन म्हणून जाळून टाकतं. मेंदूसाठी दिलेला डीएचए उपाशी मुलाच्या शरीरात चुलीतल्या लाकडासारखा जळतो. म्हणून उष्मांकांशिवाय नुसतं ओमेगा देणं व्यर्थ आहे, आणि ओमेगाचा विचार न करता नुसते उष्मांक देणं अपुरं आहे.

मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांवर पोचतं. गर्भाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून या वयापर्यंत मेंदूत डीएचए झपाट्याने साठतं. आपल्याकडे नेमक्या याच काळात उपासमार असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची, म्हणजे लुकडी निघाली. एकूण मुलांपैकी १०.९ टक्के तीव्र लुकडी होती. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं जेमतेम ११ टक्के. ही सगळी मुलं सरकारी योजनांना पात्र आहेत. त्यांना काय खायला द्यायचं हे बऱ्याच अंशी शासनाच्या हाती आहे.

आता थेंबांकडे वळू. गॅम्बियाच्या ग्रामीण भागात पावणेदोनशेच्या आसपास बाळांना तिसऱ्या महिन्यापासून सहा महिने रोज माशाचं तेल देऊन पाहिलं. दंडाचा घेर थोडा वाढला. उंची, आतड्याचं आरोग्य, बौद्धिक विकास यांत फरक पडला नाही. आपल्या जवळचं उदाहरण बेळगावचं. तिथे साडेनऊशेच्या आसपास गर्भवती स्त्रियांवर प्रयोग झाला. निम्म्या जणींना विसाव्या आठवड्याच्या आधीपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत शेवाळापासून काढलेलं ४०० मिलिग्रॅम डीएचए रोज दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. मुलं वर्षाची झाल्यावर त्यांच्या विकासाची चाचणी घेतली तेव्हा दोन्ही गट सारखेच होते. या अभ्यासांवरून ओमेगा निरुपयोगी ठरत नाही. थेंब आणि गोळ्या वेगळ्या वाटल्या की सगळ्या मुलांचा विकास आपोआप सुधारेल, ही अपेक्षा मात्र त्यांनी खोटी ठरवली.

मलावीतला प्रयोग वेगळा होता. त्यातला फरकच मला महत्त्वाचा वाटतो. तीव्र कुपोषित मुलांना जगभर शेंगदाणा, दूध भुकटी, साखर, तेल आणि सूक्ष्मपोषक घालून केलेली दाट पेस्ट दिली जाते. तिला रेडी टू यूज थेराप्युटिक फूड म्हणतात. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तिचे निकष ठरवले, तेव्हा ओमेगा-६ ला एकूण ऊर्जेच्या ३ ते १० टक्के आणि ओमेगा-३ ला ०.३ ते २.५ टक्के अशी मुभा दिली. शेंगदाण्यावर आधारलेल्या पेस्टमध्ये ओमेगा-६ सहज वरच्या टोकाकडे जातं आणि ओमेगा-३ खालच्या टोकाला राहतं. मूल दोन-तीन महिने हीच पेस्ट खातं. वजन वाढतं, दंड भरतो, मूल ‘बरं झालं’ म्हणून नोंद होते. पण रक्ताची तपासणी केली तर डीएचए कमी झालेलं दिसतं. केनियातल्या किलिफीमध्ये ६० मुलांवर पाहणी झाली. पेस्टमध्ये जवसाचं तेल घालूनही डीएचए पुरेसं सुधारलं नाही, माशाच्या तेलाची जोड दिली तेव्हाच सुधारलं. मग मलावीत अडीच हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर मोठा प्रयोग झाला. काहींना नेहमीची पेस्ट दिली. काहींना ओमेगा-६ कमी असलेल्या आणि ओलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ किंवा ६ मध्ये न मोडणारं मेदाम्ल, जास्त असलेल्या शेंगदाण्याची पेस्ट दिली. काहींना त्यातच डीएचए घालून दिलं. वजन वाढून बरं होण्याचं प्रमाण तिन्ही गटांत सारखंच राहिलं. पण उपचारानंतर सहा महिन्यांनी विकासाची चाचणी घेतली तेव्हा डीएचए असलेल्या पेस्टवरची मुलं पुढे होती.

बेळगावात आणि गॅम्बियात मूल किंवा आई इतर सगळं अन्न खातच होती. ओमेगा वरून दिलेलं होतं. मलावीत मूल जवळजवळ एकच पदार्थ खाऊन जगत होतं आणि त्या पदार्थाची घडणच बदलली होती. मुलाचा सगळा आहार जेव्हा आपण आपल्या ताब्यात घेतो, तेव्हा त्यातल्या प्रत्येक थेंब तेलाची जबाबदारी आपली असते. मूल घरी असताना त्याला डीएचए मिळालं नाही, तर त्याला गरिबी कारणीभूत. पोषण पुनर्वसन केंद्रात किंवा गावच्या बाल विकास केंद्रात आपल्याच हातच्या आहाराने त्याचं डीएचए कमी झालं, तर त्याला आपण कारणीभूत.

महाराष्ट्रात उपचार-आहाराचा वाद जुना आहे. २००९ मध्ये युनिसेफने आणलेली आयात पेस्ट केंद्राने थांबवली. २०१७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने राज्यांना कळवलं की अशा पेस्टसाठी पुरेसा पुरावा नाही. इकडे राज्याने ‘ईडीएनएफ’ नावाने, म्हणजे जास्त ऊर्जा असलेलं पौष्टिक अन्न म्हणून, ग्राम बाल विकास केंद्रांतून ते देण्याची तयारी केली, तेव्हा पोषण हक्कासाठी काम करणाऱ्या संघटनांनी विरोध केला. त्यांचा आक्षेप मला पटतो. गावात शिजलेल्या अन्नाऐवजी कंपनीची पाकिटं येऊ लागली की स्थानिक आहाराची साखळी तुटते. पण दिल्ली, राजस्थान आणि तामिळनाडूत झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात स्थानिक पातळीवर बनवलेल्या पेस्टने ५६.९ टक्के मुलं बरी झाली, तर घरच्याच अन्नात भर घालून दिलेल्या आहाराने ४२.८ टक्के. ही तफावत डोळ्यांआड करता येणार नाही. पेस्ट द्यायची की नाही हा वाद चालू राहील. पण जिथे ती दिली जाते तिथे तिच्यातला शेंगदाणा आणि तेल कोणतं, हे ठरवायला कोणाची हरकत असण्याचं कारण नाही. भारताने ‘गिरनार ४’ आणि ‘गिरनार ५’ ही ८० टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्ल असलेली शेंगदाण्याची वाणं तयार केली आहेत. ती जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेतून आली, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या सहकार्याने. ती पेरली जातात, तेलाच्या आणि निर्यातीच्या बाजारात त्यांची चर्चा होते. आजारी मुलाच्या पेस्टपर्यंत मात्र ती पोचत नाहीत.

तीव्र कुपोषित मुलांपेक्षा कितीतरी जास्त मुलं त्या रेषेच्या जरा वर असतात. त्यांच्याबाबत माझा आग्रह वेगळा आहे: आधी तेल, मग ओमेगा. सहा ते चोवीस महिन्यांच्या मुलाच्या आहारात सुमारे ३५ टक्के ऊर्जा स्निग्धांशातून यावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचं म्हणणं आहे. हिशेब साधा आहे. वर्षाच्या मुलाला दिवसाला ८५० उष्मांक लागले, तर त्यात ३३ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश हवा. आई दिवसभरात अर्धा लिटर दूध पाजू शकली तर त्यातले १९ ग्रॅम तिथूनच येतात. उरलेले १४ ग्रॅम वरच्या अन्नातून यायला हवेत. मऊ भात, वरणाचं पाणी, भाकरीचा कुस्करा यांतून फार तर दोन-तीन ग्रॅम मिळतात. म्हणजे दिवसाला दोन-अडीच चमचे तेल किंवा तूप भातात कालवावं लागेल. मुलाचं पोट मुठीएवढं. वाटीभर पातळ खिमटीने ते भरतं आणि उष्मांक मात्र मिळत नाहीत. आपल्याकडे बाळाच्या भातावर तुपाची धार घालतात, ते यासाठीच. ते शक्य नसलेल्या घरांत कोणी हे सांगितलंच नाही असं नाही, तिथे तूप नसतं आणि तेल आठवडी बाजारातून छोट्या पाकिटात येतं.

म्हणूनच कोविडच्या काळात घरपोच शिध्यातून तेल काढून त्याऐवजी साखर दिली गेली, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. तेलाचे भाव चढले म्हणून हा बदल केला गेला. साखरेनेही उष्मांक मिळतात. पण साखरेत मेदाम्लं नसतात, जीवनसत्त्व अ शोषायला तेलासारखी तिची मदत होत नाही आणि बाळाच्या जिभेला गोडाची सवय लागते. पोषण हक्क गटांनी याविरुद्ध आवाज उठवला, तो योग्यच होता. दोन चमचे सोयाबीन तेलातून मुलाला दिवसाच्या गरजेएवढं वनस्पतिज ओमेगा-३ मिळून जातं. वर्षाच्या मुलाला त्याच्या उष्मांकांच्या ०.४ ते ०.६ टक्के एवढंच अल्फा-लिनोलेनिक आम्ल लागतं, म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम. थेंबांच्या बाटलीचा विचार करण्याआधी शिध्यातलं तेल परत येऊ द्या, आणि ते पामतेल नसून सोयाबीनचं असल्याची खात्री करा.

डीएचएचा हिशेब असा सुटत नाही, कारण ते वनस्पतींच्या तेलातून येत नाही. सहा महिन्यांपुढच्या मुलाला वजनाच्या किलोमागे १० ते १२ मिलिग्रॅम डीएचए हवं. सात किलोच्या मुलाला रोज ७० ते ८५ मिलिग्रॅम. कोंबडीच्या एका अंड्यातून यातला काही भाग मिळतो. इक्वेडोरच्या डोंगराळ भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तेव्हा खुंटलेल्या वाढीचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालं आणि रक्तातलं डीएचएही वाढलं. मलावीत हाच प्रयोग केला तेव्हा उंचीत फरक पडला नाही. तो भाग मासेखाऊ होता, मुलांच्या जेवणात मासे आधीपासून होते. या दोन निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. ज्या मुलाच्या ताटात प्राणिज अन्न नाही, त्याला अंड्याने फरक पडतो.

महाराष्ट्राकडे यासाठी योजना आहे. २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. आदिवासी भागातल्या गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी, अंडी न खाणाऱ्यांना केळी. कागदावर ही देशातल्या उत्तम योजनांपैकी एक आहे. पण हिवाळ्यात अंड्याचा भाव चढतो तेव्हा शासनाचा दर तिथेच असतो, आणि फरक अंगणवाडी सेविकेच्या किंवा आहार समितीच्या डोक्यावर पडतो. मग अंडी चारऐवजी दोन दिवस येतात, किंवा केळी येतात. केळ्यात डीएचए नाही. अंड्याचा वाद आपल्याकडे आहारातून निघून धर्म आणि राजकारणात जातो. शाळेच्या पोषण आहारात २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला. लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. ज्या राज्यात अंड्याचा निधी थांबतो, तिथे ओमेगाच्या बाटल्यांसाठी निधी मागायला मन धजावत नाही.

समुद्राचीही गोष्ट आहे. पालघर जिल्ह्यात एका टोकाला सातपाटी, डहाणूची बंदरं आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा. १९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, ते याच जव्हार तालुक्यातलं. डोंगरातला आदिवासी सुकी मासळी खातो. पावसाळ्याआधी आठवडी बाजारातून सुकट, जवळा, बोंबील आणून ठेवतो आणि चार महिने पुरवतो. जवळा मिठाशिवाय उन्हात वाळवला जातो, तो स्वच्छ धुऊन, भाजून, बारीक कुटून बाळाच्या मऊ भातात मिसळता येतो. कॅल्शियम, जस्त, प्रथिनं आणि थोडं डीएचए एका चिमटीत येतं. मात्र बाजारातल्या सुकटीत वाळू असते, ती स्वच्छ वाळवली आहे याची हमी नसते. मच्छीमार महिला गटांकडून जाळीच्या मचाणावर वाळवलेली सुकट घेऊन ती अमृत आहारात आणणं अवघड नाही. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ भरपूर असतं. हंगामात १०० ग्रॅम तारलीत ग्रॅमभराच्या आसपास लांब साखळीचं ओमेगा-३ मिळतं. रत्नागिरीपासून गोवा आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यापर्यंत तारलीचा बराच भाग फिशमीलच्या कारखान्यांत जातो, तिचं तेल आणि भुकटी कोळंबी आणि माशांच्या शेतीचं खाद्य होते. ज्या माशात कुपोषित मुलाला लागणारं सगळं आहे, तो डोंगरावर न पोचता कारखान्यात जातो आणि मग त्याच गुणांची बाटली शहरातून विकत आणण्याचा विचार होतो.

पूर्व विदर्भात समुद्र नाही, पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मालगुजारी तलाव आहेत, ढिवर समाजाची मासेमारी आहे. गोड्या पाण्यातल्या माशांत डीएचए समुद्री माशांपेक्षा कमी असतं. पण काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे देशी मासे हे मुलांसाठी मोलाचं अन्न आहे. या तलावांत फक्त रोहू-कटला सोडण्याच्या नादात हे छोटे मासे कमी झाले. तिथेच धानाच्या उभ्या पिकात जवस आणि लाखोळी पेरण्याची जुनी रीत आहे. धान कापायच्या आधी ओलीवर बी टाकतात, त्याला वेगळं पाणी, वेगळी मशागत लागत नाही. जवसाची चटणी विदर्भात घरोघरी आहे. वर्षापुढच्या मुलाला अर्धा-पाऊण चमचा भाजलेल्या जवसाची ताजी पूड पुरते, त्यात रोजच्या गरजेएवढं वनस्पतिज ओमेगा-३ येतं. कच्चं जवस द्यायचं नाही, भाजूनच द्यायचं. पूड आठवड्याला लागेल तेवढीच करायची, कारण जवसाचं तेल हवेत लवकर खवट होतं. मात्र जवस ही डीएचएची जागा घेत नाही. केनियाच्या प्रयोगाने हे स्पष्ट केलं आहे, आणि जवसाच्या नावाने कोणी अंड्याचा निधी कापू नये म्हणून ते इथे लिहिणं भाग आहे.

आईचं दूध हा या सगळ्याचा पाया. दुधातला डीएचए आईच्या खाण्याप्रमाणे बदलतो. समुद्रकाठच्या मासे खाणाऱ्या आईच्या दुधात तो जास्त असतो, शाकाहारी किंवा उपाशी आईच्या दुधात कमी. गर्भारपणातल्या ओमेगा-३ बद्दल पुरावा बराच ठाम आहे: कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या, ७० प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण ११ टक्क्यांनी आणि ३४ आठवड्यांआधीच्या प्रसूतीचं ४२ टक्क्यांनी कमी दिसलं. वेळेआधी, कमी वजनाचं जन्मलेलं बाळ पुढे कुपोषणाच्या यादीत येण्याचा धोका मोठा. त्यामुळे अमृत आहारातल्या गर्भवतीच्या ताटात मासा किंवा अंडं असणं, हीच मुलाच्या ओमेगाची पहिली मात्रा.

मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो: हे सगळं व्हायला वर्षं लागतील, तोवर थेंब द्यायला काय हरकत? हरकत आहे. अंगणवाडीच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ठेवलेलं माशाचं तेल खराब होतं, आणि खवट झालेलं ओमेगा-३ शरीराला त्रासच देतं. सेविकेकडे आधीच वजनकाटा, दंडघेर फीत, पोषण ट्रॅकर, लसीकरण, घरभेटी आहेत. थेंबांचा आणखी एक रकाना आला की शिध्यातलं तेल आणि अंडी यांवरची नजर हटते. आणि एकदा बाटली आली की ‘बुद्धीसाठी दिलं’ असं म्हणून उरलेली उपासमार झाकली जाते. जन्मतः खूप कमी वजनाच्या बाळाला, किंवा एखाद्या विशिष्ट आजारात, बालरोगतज्ज्ञ डीएचए देतात, तो वैद्यकीय निर्णय आहे आणि त्याच्या आड कोणी येऊ नये. सरसकट वाटपाला मात्र माझा विरोध आहे.

माझ्या मागण्या मोजक्या आणि निविदेत लिहिता येतील अशा आहेत. उपचार-आहाराच्या पेस्टमध्ये ओलेइक आम्ल जास्त असलेला शेंगदाणा आणि ठरावीक डीएचए बंधनकारक करा, आणि दर खेपेला मेदाम्लांची प्रयोगशाळेतली तपासणी पुरवठादाराने जोडावी. घरपोच शिध्यात सोयाबीन किंवा मोहरीचं तेल असावं, साखर त्याला पर्याय मानू नये. अमृत आहारातला अंड्याचा दर दर तिमाहीला बाजारभावाशी जोडा, आणि किनारी जिल्ह्यांच्या शेजारच्या आदिवासी प्रकल्पांत सुकट आठवड्यातून एक दिवस द्या. एकात्मिक बालविकास सेवा आयुक्तालयाची पुढची निविदा निघेल तेव्हा त्यातल्या तेलाच्या रकान्यात ‘खाद्यतेल’ एवढाच शब्द आहे का, हे जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या प्रत्येक सदस्याने उघडून वाचावं.